जंगलात कसली आलीय घाई

ताडोब्याच्या पॅकेजचं गणित आता जवळपास सगळीकडे सारखंच झालंय. दोन रात्री, तीन दिवस, तीन सफारी. पहाटे साडेचारला दारावर थाप, अर्धवट झोपेत चहा-बिस्कीट, अंधारात गेटवर रांग, मग चार तास धूळ, परत येऊन नाश्ता, जरा डोळा लागतोय तोवर जेवण तयार आहे म्हणून फोन, की दुपारची जिप्सी दारात उभीच. परतीच्या दिवशी नागपूर एअरपोर्टवर ही मंडळी बघा एकदा, सुट्टीवरून निघालेली असतात पण चेहरे मार्चएण्डिंगला बँकेत बसलेल्या माणसांचे. आणि ऑफिसात परत आल्यावर प्रश्न एकच, किती दिसले?

वाघ बघायला जाण्यात काही चूक आहे असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, वाघ दिसला की माझ्याही पोटात गोळा येतो आणि मीही वेड्यासारखे फोटो काढते. पण सुट्टी आपली, पैसे आपले, मग तिचं टाइमटेबल वाघाच्या नाहीतर रिसॉर्टवाल्याच्या सोयीने का? आमच्या घरात सफारी आता माणसं बघून ठरते. कोणाची कंबर दुखते, कोणाला काय बघायला आवडतं, कोणाला दुपारी झोपल्याशिवाय चालत नाही, हे आधी, गेट कुठलं आणि सफारी किती ते नंतर.

ट्रॅव्हलवाले याला कस्टमाइज्ड म्हणतात पण त्यांच्या कस्टमाइज्डमध्ये बहुतेक वेळा बेडवर टॉवेलचे हंस आणि लग्नाचा वाढदिवस असेल तर केक एवढंच येतं, सफारी तीनच्या तीनच राहतात. मी एकाला फोनवर म्हटलं की आम्हाला चार रात्री राहायचंय आणि सफारी फक्त दोन हव्यात, तर तो क्षणभर गप्पच झाला आणि मग म्हणाला मॅडम मग बाकीचा वेळ तुम्ही करणार काय?

बाकीचा वेळ. हाच तर प्रश्न आहे ना.

आमची वरात सांगते म्हणजे कळेल. दादा म्हणजे माझे सासरे, रेल्वेत गार्ड होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण खिशातली डायरी आणि घड्याळ सुटलेलं नाही, कुठेही गेले की वेळेसकट नोंद. त्यांच्या कमरेला मणक्याचा त्रास. नणंद शाळेत शिक्षिका, तिला शांतता हवी, कोणीही तिला काहीही विचारू नये एवढीच तिची सुट्टीची व्याख्या. मुलगा कोळी आणि किडे यांच्या मागे. नवऱ्याला झोप. आणि मी, जिला दोन मिनिटं रिकामी मिळाली की हात आपोआप फोनकडे जातो. आता या पाच माणसांना एकाच जिप्सीत कोंबून चार तास वाघाच्या मागे पळवायचं म्हणजे चौघांची सुट्टी वाया घालवून पाचव्यालाही काही न मिळणं.

सुरुवात प्रवासापासूनच होते. आता समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून जो तो सांगतो की मुंबई-नागपूर आठ तासात, सकाळी निघा संध्याकाळी जंगलात. जा बाबा. आम्ही पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने जातो. दादांचा हट्ट. कोल्हापूरहून निघून गोंदियापर्यंत जाणारी ही गाडी, अख्खं राज्य आडवं कापते आणि वाटेत बहुतेक कुठलंही स्टेशन तिला परकं नाही, ज्याला घाई आहे त्याने हिच्या वाटेला जाऊ नये. पण दादा खिडकीशी बसून मनमाडला किती मिनिटं लेट, भुसावळला किती रिकव्हर केले असं लिहीत बसतात, नणंद वरच्या बर्थवर पुस्तक घेऊन गायब होते आणि नागपूरला उतरून तर्रीपोहे खाईपर्यंत आम्ही सगळे अर्धे सैल झालेलो असतो.

ताडोब्यात कोअरला, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्याला, मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, झरी, पांगडी अशी गेटं आहेत आणि शिवाय बफरची, म्हणजे भोवतालच्या पट्ट्याची, वेगळी. व्हॉट्सॲप ग्रुपवर सतत चालू असतं की सध्या अमुक गेटला सायटिंग जोरात आहे, तमुक वाघीण पिल्लं घेऊन फिरतेय, मग लोक एका गेटची सकाळ आणि चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गेटची दुपार असं बुकिंग करतात आणि उरलेला दिवस गाडीत जातो. आम्ही एकच गेट धरतो. मोहर्ली, कारण बाजूला इरई धरणाचं पाणी आहे आणि जंगलात न जाताही तास दोन तास बसायला जागा मिळते. आणि एक गोष्ट मुद्दाम करतो. मंगळवारी ताडोब्याचं कोअर बंद असतं, म्हणून लोक मंगळवार टाळून तारखा काढतात, आम्ही मधे मंगळवार येईल अशा तारखा काढतो. मंगळवारी कोअरमध्ये जाताच येत नाही, ऐनवेळी तिथली एखादी जिप्सी मिळतेय का बघू असंही कोणी म्हणू शकत नाही, सगळे मुकाट्याने उशिरा उठतात. माझ्या मते अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात चांगला दिवस तोच. इरईच्या काठी पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले असतात आणि त्यांना बघत आम्ही पण.

जिप्सीत सहा माणसं बसतात. मागची रांग चाकांच्या बरोबर वर येते, तिथे कंबरेचा भुगा होतो, तेव्हा घरात मणकेवालं कोणी असेल तर त्यांना पुढच्या रांगेत बसवा आणि पाठीमागे उशी द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गेटवरच गाइड आणि ड्रायव्हरला सांगून टाका. आम्ही सांगितलं, भाऊ, वाघ नाही दिसला तरी चालेल, गाडी हळू घ्या, एखाद्या पाणवठ्यावर इंजिन बंद करून तासभर थांबायचंय. गाइडने आमच्याकडे, मग ड्रायव्हरकडे बघितलं आणि म्हणाला, "आता असं म्हनता ताई, मंग मागून म्हनान, गाइडनं वाघच नाही दाखवला म्हनून."

त्याचं काय चुकलं. बक्षिशी वाघावर ठरते. वाघ दिसला तर पाचशेची नोट, नाही दिसला तर तोंड वाकडं. हे गाइड आजूबाजूच्या गावातलेच, बरेचसे गोंड, ज्यांना शंभर झाडांची नावं पाठ आहेत, विष्ठा बघून कोण कधी गेलं ते सांगतील, आणि त्यांना आपण चार तास वायरलेस मेसेंजर करून ठेवतो, तिकडे कॉल आलाय का, चला. मग ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात झालं तसं होतं, वाघीण आणि तिची बछडी मधे आणि दोन्ही बाजूंनी जिप्स्या. व्हिडिओ देशभर फिरला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर-गाइड निलंबित झाले. ते व्हायलाच हवं होतं, पण जिप्सीत मागे बसून अजून पुढे घ्या अजून पुढे घ्या म्हणणारे कोण असतात ते आपल्याला सगळ्यांना माहितीये.

तर त्या दिवशी आम्ही थांबलो. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही हा नियम कोणी केला त्याला माझ्याकडून एक नारळ. पहिली दहा मिनिटं भयंकर जातात, खरंच सांगते, इंजिन बंद झाल्यावर कानात नुसती शिट्टी वाजल्यासारखं होतं आणि आपण उगाच दुर्बीण पुसत बसतो. मग हळूहळू दिसायला लागतं. समोर पांढऱ्याफटक बुंध्याचं कांडोळाचं झाड, ज्याला तिकडे सगळे भुताचं झाड म्हणतात, त्याच्या पलीकडे ऐनाच्या झाडावर वानरं. वानरं पानं खातात कमी आणि टाकतात जास्त, खाली चितळं ती टाकलेली पानं वेचत फिरतात. गाइड म्हणाला यांचा करार आहे, वरच्याने लांबचं बघायचं आणि खालच्याने वास घ्यायचा, दोघांपैकी कोणीही ओरडला की दोघं पळणार. मुलाने दोन झाडांमधलं मोठं जाळं शोधलं, जायंट वूड स्पायडर, मधे बसलेली मादी हाताच्या पंजाएवढी आणि तिच्या जाळ्याच्या कडेला नखाएवढा तिचा नवरा. ते बघून नणंद ट्रिपमध्ये पहिल्यांदा मोठ्याने हसली.

मग लांबून सांबराचा कॉल आला, म्हणजे धोक्याची हाक. चितळ कशालाही घाबरून ओरडतं, सांबर सहसा उगाच ओरडत नाही, त्यामुळे तो आवाज आला की गाड्यांची जी पळापळ होते ती बघण्यासारखी असते, आमच्या समोरून एकामागून एक चार-पाच जिप्स्या धुरळा उडवत गेल्या. आमच्या ड्रायव्हरचा हात चावीवर. दादा शांतपणे म्हणाले, राहू दे रे, सिग्नल नाही आपल्याला. ड्रायव्हरला कळलं नाही पण हात खाली आला.

धूळ बसली आणि पाच-सात मिनिटांनी बांबूतून ढोल आले. रानकुत्रे. आधी एक, नाक वर करून उभा, मग मागून एकेक, तांबूस अंग आणि शेपटी टोकाला काळी झुबकेदार. भुंकणं वगैरे काही नाही, एकमेकांत बारीक शिट्टीसारखा आवाज. पाण्याशी आल्यावर दोघं सरळ आत जाऊन बसले, पोट बुडेपर्यंत, आणि बाकीचे काठावर पीत होते. मागून पिल्लं आली, बरीच मोठी झालेली पण कान अजून अंगाला न शोभणारे. एकाच्या तोंडात कुठल्यातरी शिकारीचा चामड्याचा तुकडा होता आणि बाकीची तो ओढायला बघत होती, दोनदा पाण्यात पडला, परत काढला. आमच्याकडे एकाने सुद्धा धड बघितलं नाही. किती वेळ चाललं ते दादांच्या डायरीत आहे, मला विचाराल तर फार वेळ. पुढे गेलेल्या गाड्यांना वाघ दिसला म्हणे, पाठमोरा, रस्ता ओलांडताना. असो, त्यांना तो लाभो.

गावाबद्दल मात्र एक बोलायचंय. शहरातून गेलेले लोक रिसॉर्टच्या खुर्चीत बसून म्हणतात, काय निवांत आयुष्य आहे ना यांचं. ते ऐकून मला कसंतरी होतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह टपकतो, तो उजाडायच्या आत वेचावा लागतो नाहीतर जनावरं खातात, मे महिन्यात तेंदूपत्ता, तोही पहाटेच. खाली वाकून वेचणारी बाई वाघाला माणूस वाटत नाही असं तिकडचे लोक सांगतात, आणि चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात असे हल्ले होतात, माणसं जातात. आपण ज्याला हळूहळू जगणं म्हणतो ते पगार चालू असणाऱ्याला परवडतं. त्यामुळे निवांतपणा शिकायला खेड्यात गेलो वगैरे मी म्हणणार नाही. उलट त्यांच्याकडे राहा, बचतगटाच्या बायकांनी केलेलं जेवण जेवा, पैसे नीट द्या, एवढंच.

आता मचाण. वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांवरच्या मचाणी लोकांना देतं, निसर्गानुभव म्हणून. पूर्वी या रात्री प्राण्यांची गणना व्हायची, आता वाघ मोजायचे ते कॅमेरा ट्रॅपने, अंगावरच्या पट्ट्यांवरून, त्यामुळे ही रात्र मोजणीपेक्षा लोकांना जंगल दाखवण्यासाठी उरलीय. कागद मात्र अजून देतात, प्राणी, नर-मादी, वेळ, दिशा. दादांना जाता आलं नाही आणि सगळ्यात जास्त तळमळ त्यांचीच, डायरी त्यांनी माझ्या हातात दिली. मी आणि नणंद. दुपारी उन्हात गाडी आम्हाला सोडून गेली, सोबत एक वनमजूर काका, आणि आता सकाळपर्यंत खाली उतरायचं नाही. अत्तर नाही, भडक कपडे नाहीत, टॉर्च नाही, कुरकुऱ्यांचं पाकीट तर नाहीच नाही. चंद्रपूरचा मे. लाकडं इतकी तापलेली की पंचा ओला करून घालून त्यावर बसलो.

सूर्य बुडता बुडता मागून चंद्र वर आला, पौर्णिमेला हे असं समोरासमोर होतं ते मला शाळेत पाठ होतं पण बघितलं तिथे. आधी मोर आले, एकेक पाऊल मोजून, मग रानकोंबड्या, मग डुकरं, त्यांना कसलीच भीड नाही. सांबराची मादी झाडीच्या कडेला इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं ते झाडच आहे, पाय आपटला तेव्हा कळलं, आणि पाणी न पिताच परत गेली. नऊच्या पुढे कधीतरी पाचोळ्यात एवढा मोठा आवाज सुरू झाला की मी नणंदेचा हात धरला, कोण दंगा करत येतंय म्हणून, तर अस्वल. अस्वल लपूनछपून येतच नाही. पाठीवर पिल्लू, केसात घट्ट धरून बसलेलं, आणि आई पाणी पिताना जो आवाज करत होती तो आमच्याकडे कोणी बशीतून चहा पिताना केला असता तर सासूबाईंनी उठवलं असतं. काका हळूच म्हणाले लिवा, अस्वल मादी एक, पिल्लू एक. मी लिहिलं. मग बराच वेळ काहीच नाही. रातवा पक्ष्याचा ठोका तेवढा चालू. रिकाम्या वेळेचंसुद्धा रकान्यात काही लिहावं का असं नणंदेने कानात विचारलं, आणि मग ती बसल्या बसल्या झोपली, मचाणीवर येऊन, एवढे पैसे भरून. मी तिला उठवलं नाही. तिची सुट्टी आहे.

वाघ आला का हे तुम्ही आता विचारणारच, तर आला नाही.

दादांसाठी त्या बदल्यात आम्ही गोंदियाला गेलो, गाडी तशीही तिथेच जाऊन संपते. नागझिरा जवळच, १५२ चौरस किलोमीटरचं छोटंसं जंगल, गवे, ढोल आणि पक्षी, वाघ कमी होते म्हणून २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून सोडल्या, गर्दी ताडोब्याच्या मानाने काहीच नाही. पण दादांना जिप्सी नकोच होती. त्यांना सारस दाखवायचा होता. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः गोंदियातच, धानाच्या बांध्यांमध्ये आणि तलावांच्या कडेला, माणसाएवढा उंच पक्षी, लाल डोकं, जोडीने फिरतो. परसवाड्याच्या तलावाशी सकाळी खुर्ची टाकून दिली, थर्मास दिला, आणि ते बसले. ना धक्के ना धूळ. जोडी आली तेव्हा शेजारच्या शेतातला माणूस चिखलात काम करत होता आणि पक्षी त्याच्यापासून थोड्याच अंतरावर चरत होते, दोघांनाही एकमेकांचं काही नाही. मग दोघांनी माना वर करून जो काही आवाज काढला, नराचा एक, लगेच मादीचे दोन, तो ऐकून दादा म्हणाले याला म्हणतात प्रॉपर हॉर्न. डायरीत वेळ पडली. दुपारी लाखोळीच्या डाळीचे वडे आणि झोप.

या सगळ्याला जास्त पैसे लागतात असं वाटतं पण आमचं तरी उलट झालं, सफारी कमी म्हणजे जिप्सीचा, गाइडचा, एन्ट्रीचा खर्च कमी, विमान नाही, आणि गावातला होमस्टे रिसॉर्टच्या एका रात्रीत दोन-तीन रात्री देतो. लागते ती सुट्टी. ती मिळवायला मी ऑफिसात जे काही केलं त्यावर वेगळी पोस्ट होईल. घरी आल्यावर फार काही बदललं असंही नाही, हिंजवडीचा ट्रॅफिक तोच आहे आणि माझा हातही फोनकडे जातोच. दादांनी मात्र आता गॅलरीत खुर्ची टाकलीय, समोरच्या उंबरावर तांबट येतो त्याची नोंद चालते, सकाळी सात दहा, वेळेवर. उशीर झाला की मला आत येऊन सांगतात, आज लेट आहे. आणि मी हातातलं टाकून बघायला जाते, मीटिंग असेल तर म्यूट करून.

कोणाला असं जायचं असेल तर बुकिंगच्या आधी फोनवर चार गोष्टी विचारून घ्या. सफारी घेतल्याच पाहिजेत का, की नुसतं राहता येईल. जेवणाची वेळ आपल्या झोपेप्रमाणे मागेपुढे होते का. जिप्सी फक्त आपली मिळेल की अनोळखी माणसांबरोबर शेअर, कारण तासभर थांबूया म्हटल्यावर उरलेले तिघं तुमच्या जिवावर उठतील आणि त्यात त्यांची चूक नसेल. गाइड रोटेशनने मिळतो, तो निवडता येत नाही, पण पक्ष्यांची आवड असलेला मिळेल का असं गेटवर विचारायला काय जातं. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतं, तेव्हा पावसाळ्यात जाणार असाल तर बफर, चिखल आणि जळवांची नाही पण डासांची तयारी ठेवा. आणि पलीकडचा माणूस शंभर टक्के सायटिंगची गॅरंटी देतो म्हणाला तर तिथेच फोन ठेवून द्या.